नऊ इंचांचा छज्जा

मार्च लागला की माझा फोन सकाळी सातला वाजायला लागतो. "अहो, एसी लावला तर गरम वारं येतंय." "अहो, खाली पाणी ठिबकतंय, गादी भिजली." आठ महिने ज्यांना आपल्या भिंतीवर एसी आहे ह्याची शुद्ध नसते, त्यांना ती एकाच आठवड्यात येते, आणि प्रत्येकाला माणूस आजच हवा असतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे. ह्याच दिवसांत तिच्या फाटकावर परीक्षा केंद्राचा कागद चिकटतो आणि मुलं छातीशी पॅड धरून, ओठ हलवत, उन्हात उभी राहतात. त्यांच्या आया बाटलीतलं पाणी त्यांना पाजतात, जणू मुलं लढाईवर निघाली आहेत. मी स्कूटरवर व्हॅक्यूम पंप आणि तांब्याच्या पाइपचं वेटोळं लादून त्यांच्यामधून वाट काढतो. एखादी आई मुलाला म्हणते, "सरक, त्या एसीवाल्याला जाऊ दे." पुढचं वाक्य ती बोलत नाही. मला ते ऐकू येतं.

परीक्षेचा हंगाम आणि माझा हंगाम हा असा एकच आहे. पूर्वीही एकच होता, फक्त वेगळ्या तऱ्हेने. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी एकोणीस वर्षं काढली. आम्ही कॉलेजांच्या उत्तरपत्रिका छापत असू. मुख्य उत्तरपत्रिका बत्तीस पानी, पुरवणी आठ पानी. पन्नासाचा गठ्ठा करायचा, मोजायचा, पुन्हा मोजायचा, सुतळीने बांधायचा आणि रिक्षा टेम्पोत भरायचा. मोजणी माझ्याकडे होती. एकोणीस वर्षांत माझा गठ्ठा एकोणपन्नासाचा निघाला नाही की एक्कावन्नाचा. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषयांत राहिलो होतो आणि ते दोन विषय राहिलेच. ज्या दारातून मला आत जाता आलं नाही, त्याच्या पायपुसण्याचे धागे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली असं कुणी म्हटलं तर मी रागवणार नाही. पण त्या वेळी मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. कोऱ्या कागदाचा वास चांगला असतो. मार्चमध्ये तो सगळ्या छापखान्याला येई.

मग काही कॉलेजांनी परीक्षा संगणकावर घ्यायला सुरुवात केली, काहींनी मोठ्या छपाईवाल्यांना कंत्राट दिलं आणि आमच्या मालकांनी एका दिवाळीनंतर शटर ओढलं. मी बेचाळीस वर्षांचा होतो. ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट.

हे सगळं आता लिहायला बसलो ते रागाने. कारण गेल्या रविवारी दादा आले होते.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनीताचे, थोरले भाऊ. बँकेतून निवृत्त झाले आणि आता एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीदारीत प्रशिक्षण वर्ग काढतायत. एसी दुरुस्तीचा. सहा आठवड्यांचा. दादांनी मोबाइल काढून फ्लेक्सचं चित्र दाखवलं. डाव्या अंगाला माझा फोटो. कुठल्याशा मुंजीतला, हातात ताट असलेला. ताट कापून टाकलं होतं. उजवीकडे मोठ्या अक्षरांत: "पदवी नाही! बेचाळिसाव्या वर्षी करिअर बदललं! आज कमाई महिना दीड लाख! तुम्ही कधी?"

"फोटो तर छान आलाय," सुनीता म्हणाली.

"दीड लाख हा आकडा कुठून आणलात?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात अनिलराव, गेल्या मे महिन्यात दीड लाखाचं काम झालं म्हणून."

"काम झालं. दोघांत झालं. त्यातून गॅस, पाइप, पेट्रोल गेलं. आणि दादा, मे महिना वर्षातून एकदाच येतो."

"अहो, जाहिरात आहे ही. ताळेबंद नाही."

खरा आकडा सांगतो. बारा महिन्यांची सरासरी काढली तर माझ्या वाट्याला महिन्याला साठ हजारांच्या आसपास येतात. छापखान्यात शेवटी साडेसतरा होते. साठ म्हणजे काही थोडे नाहीत. ताठ मानेने सांगावा असा आकडा आहे. पण ह्या माणसाला खरा पुरत नाही, खोटा हवा. मी अभ्यासक्रमाचा कागद मागितला. दोन पानं. वाचून पाहिली. विजेची तोंडओळख, वायूचा दाब, गळती शोधणे, ग्राहकाशी संभाषण. ह्या शेवटच्याला चक्क बारा तास.

"ह्यात उंचीवरच्या कामाचे तास किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे दोर. पट्टा. अकराव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर कसं उतरायचं."

"ते काय," दादा म्हणाले, "ते कामावर शिकतात."

हो. कामावर शिकतात. मीही तसाच शिकलो.

छापखाना बंद झाल्यानंतरच्या त्या पहिल्या उन्हाळ्याचं आधी ऊनच आठवतं. छापखान्यात ऊन नव्हतं, ट्यूबलाइट होती. एकोणीस वर्षं मी ऊन फक्त जातायेता पाहिलं होतं. त्या वर्षी ते माझ्या मानेवर येऊन बसलं. गच्चीवरच्या युनिटांचा पत्रा तळव्याला चिकटे. तांब्याचा पाइप तापवून सांधा भरताना येणारा वास अजून मला कुठेही ओळखता येईल: जळकी नाणी आणि वर किंचित गोडसर काहीतरी. घराघरांचे फिल्टर वेगळे असतात हेही तेव्हा कळलं. एका घरी त्यात नुसते केस, एका घरी उदबत्तीची काजळी, एका घरी पीठ. ज्या घरात हॉलमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत, त्या घराची धूळ मी हातात घेऊन धुतली आहे. मंडईच्या बाजूला काम असलं की दुपारी आंब्याच्या पेंढ्याचा वास यायचा. आम्ही दोघं फुटपाथवर बसून डबा खायचो तेव्हा माझ्या पोळीला गॅसच्या तेलाचा वास असायचा. सुनीता डबा धुताना नाक मुरडायची, पण बोलायची नाही. त्या वर्षी तिने बरंच काही बोलून दाखवलं नाही.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि संतोष. संतोष वारज्याचा, मूळ गावातला. वय सत्तावीस. त्याच्या घरची शेती होती. गाव शहरात आलं, शेतं बिल्डरांकडे गेली, आलेल्या पैशांत चुलत्यांनी गाड्या घेतल्या आणि वडिलांनी दोन मजली घर बांधलं. संतोषने बारावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, एका एसीवाल्याबरोबर जायला लागला आणि आठ वर्षांत हात असा तयार झाला की बंद युनिटच्या अंगावर पंजा ठेवून तो सांगायचा, "गॅस न्हाई काका, कॅपॅसिटर हाय." मीटर लावून मी खात्री करायचो. मी चुकायचो, तो नाही. मी त्याला वस्ताद म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. तो मला काका म्हणायचा आणि तोही अहोजाहो करायचा. असं आमचं दोन्हीकडून चाललं होतं.

"काका, लिहून कशाला घेताय?"

"विसरू नये म्हणून, वस्ताद."

"लिवल्यालं इसरतं. हाताला लागल्यालं इसरत न्हाई."

मला ते पटलं होतं. तेव्हा ते फार चांगलं वाक्य वाटलं होतं.

त्याच मे महिन्यात नात्यात एक साखरपुडा होता. दादांनी मुलाकडच्या मंडळींशी माझी ओळख करून दिली: "हे अनिलराव. कूलिंग सोल्यूशन्समध्ये आहेत." समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "कुठली कंपनी?" दादा चटकन म्हणाले, "स्वतंत्र. कन्सल्टिंग." माझ्या नखांत काळं होतं. मी हात मागे घेतले. आज मला दादांचा राग येतो त्यापेक्षा त्या मागे घेतलेल्या हातांचा जास्त येतो. त्या हॉलमधला एसी पाणी गाळत होता आणि खाली कुणीतरी पातेलं ठेवलं होतं. दहा मिनिटांत मी तो नीट केला असता. बसून राहिलो आणि पातेलं भरताना बघत राहिलो.

त्यानंतरच्या आठवड्यात वारज्यातल्या एका सोसायटीत काम निघालं. चौदा मजली तीन इमारती. फाटकावरच्या रखवालदाराने वहीत नाव लिहायला लावलं आणि संतोषला विचारलं, "कहाँ से?"

"हितलाच हाय," संतोष म्हणाला. आत आल्यावर मला म्हणाला, "काका, आमची बाजरी व्हायची हितं. फकस्त अकराव्या मजल्यावर कधी आलो न्हाई."

फ्लॅटचे मालक सिव्हिल इंजिनिअर. पदवी चौकटीत घालून हॉलमध्ये लावलेली. माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं, पंखा लावला. बेडरूमच्या एसीचा गॅस वर्षात दुसऱ्यांदा गेला होता, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या सांध्यातून गळती. ते युनिट बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या डाव्या हाताला चार फुटांवर होतं. खिडकीतून हात पोचत नव्हता. मध्ये होता फक्त खिडकीखालून जाणारा सिमेंटचा छज्जा. मी टेप काढून मोजला. नऊ इंच. संतोषचा बूट अकरा इंच. हेही मी मोजलं. ते दोघं माझ्याकडे बघत होते.

"मोजताय काय?" साहेब म्हणाले. "पक्का स्लॅब आहे. दोन माणसं उभी केली तरी काही होणार नाही. मी सांगतो ना."

"ती उभी कुठे राहणार, साहेब?"

"आधीचा माणूस जायचा की. पाच मिनिटांचं काम आहे."

मला आजतागायत हे कळलेलं नाही. एक इमारत उभी राहते तेव्हा किती पदव्या एका टेबलाभोवती बसत असतील! कुणी वाऱ्याची दिशा बघतो, कुणी भूकंपाचा हिशेब करतो, कुणी टाइल्सचा रंग ठरवतो. प्रत्येक बेडरूमला एसी लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं युनिट बाहेर कुठे बसेल ह्याची चौकटही कागदावर आखलेली असते. ते कधीतरी बिघडेल आणि कुणीतरी माणूस त्याच्यापाशी जाऊन उभा राहील, हे त्यातल्या एकाच्याही मनात येत नाही. मनात येत नाही की येऊन जातं? यंत्राला पायाखाली लोखंडी ब्रॅकेट दिलं आहे. माणसाला नऊ इंच.

संतोषने बूट काढले. "अनवाणी बरं पडतं, पकड ऱ्हाती." कमरेला दोर बांधला. पट्टा वगैरे आमच्याकडे नव्हताच, कुणाकडेच नसे. दोराचं दुसरं टोक मी खिडकीच्या ग्रिलला बांधायला गेलो.

"ग्रिलला नको, ग्रिलला नको," साहेब म्हणाले, "पावडर कोटिंग जातं."

पलंगाला पाय नव्हते, बंद पेटी होती, आणि तिचं पॉलिश नवं होतं. शेवटी बाहेरच्या दाराची लोखंडी जाळी सापडली. बेडरूमच्या खिडकीपासून हॉल ओलांडून तिथपर्यंत अंतर बावीस फूट. दोर पुरला. मी जाळीच्या गजाला गाठ मारली आणि खिडकीशी परत आलो. संतोष पाय बाहेर टाकून बसलाच होता. "सोडा जरा," म्हणाला आणि भिंतीला पोट लावून सरकत गेला.

मी दोर हातात धरून उभा होतो. खाली कुणाच्या तरी गच्चीत पापड वाळत घातले होते, त्यांची रांग दिसत होती. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता माझ्या बोटांनी मला सांगितलं की गाठ चुकली आहे.

मी ती गाठ बघून मारलीच नव्हती. एकोणीस वर्षं मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुरगाठीने बांधले. वर्गात पर्यवेक्षकाने एक टोक ओढावं आणि गठ्ठा लगेच सुटावा म्हणून. सुरगाठच बांधायची असा छापखान्याचा नियम होता. निरगाठ मारली तर मालक ओरडत. दिवसाला दोन-अडीचशे गाठी. मी अकराव्या मजल्यावर माझ्या वस्तादाचा जीव पन्नासाच्या गठ्ठ्यासारखा बांधून आलो होतो.

दोर सोडून दाराशी जाता येत नव्हतं. संतोषला सांगता येत नव्हतं. त्याने दचकून मान वळवली असती तरी पुरे होतं. "साहेब," मी हाक मारली, "जरा दाराशी जाऊन दोर धरता का?" साहेब हॉलमध्ये कानात काहीतरी घालून कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी बोट वर केलं. एक मिनिट. मी दोराचा एक वेढा माझ्या कमरेभोवती घेतला, खाली बसलो आणि दोन्ही पाय खिडकीखालच्या भिंतीला रोवले. समोर घड्याळ होतं. बारा वाजून सतरा.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"उघडू नका!" मी ओरडलो.

"अहो, ओरडताय काय? घर आहे हे," साहेब म्हणाले आणि दाराकडे गेले. मग त्यांचा आवाज आला, "हा तुमचा दोर मध्ये येतोय हो." मग, "अरे! सुटला की. नुसता ओढला तर सुटला!" त्यांनी कुरियरवाल्याकडून खोकं घेतलं, सही केली, आणि दुसऱ्या हातात दोराचं टोक धरून ते बेडरूमपर्यंत चालत आले. फरशीवर ओरखडा नको म्हणून उचलून धरलं असावं. माझ्या शेजारी ते टोक नीट ठेवून म्हणाले, "हा घ्या." आणि पुन्हा फोनवर बोलायला गेले.

बाहेरून संतोष म्हणाला, "काका, स्पंज!"

गळती शोधायला साबणाचा फेस लावतात. त्याचा स्पंज माझ्या बादलीत होता. मी डाव्या हाताने तो पिळला आणि खिडकीबाहेर केला. त्याच्या बोटांनी तो घेतला. उजवा हात माझा नव्हताच, तो दोराचा झाला होता. बाहेर संतोष शीळ घालत होता. नटाभोवती बुडबुडे आले तेव्हा आनंदाने म्हणाला, "सापडली बगा." मी म्हणालो, "छान." माझं वजन तेव्हा एकसष्ट किलो होतं, त्याचं सत्तर. अकरा मिनिटं मी ती वजाबाकी करत बसलो. पाय भिंतीला लागतात, वेढ्याचं घर्षण आहे, खिडकीच्या कडेवर दोर घासतो आहे. इतकं धरलं तर कदाचित. कदाचित नाही. ज्या माणसाला दोन विषयांत पास होता आलं नाही, त्याच्या गणितावर एक माणूस नऊ इंचांवर उभा होता आणि शीळ घालत होता.

बारा अठ्ठावीसला त्याचा पाय आत आला.

"पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावलात," साहेब म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर मी सांगितलं. सगळं, क्रमाने, मिनिटांसकट. लपवणं मला जमलं नसतं असं नाही. एकोणीस वर्षं ज्याने चुकीचा गठ्ठा दिला नाही त्याला आपला एकुलता एक चुकीचा गठ्ठा लपवावासा फार वाटतो. संतोष ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "काका, निरगाठ येती का?"

"येते."

"मग?"

"हाताला सुरगाठीची सवय."

त्याने पंप माझ्या पायाशी ठेवला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. मी पंप मांडीवर घेऊन बसने घरी आलो. कंडक्टरने त्याचं सामान म्हणून तिकीट फाडलं.

तीन दिवस फोन नाही. सुनीताने पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुसरं काहीतरी बघू या. दुकानात वगैरे." मी होय म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी सातला संतोष दारात. हातात सहा हात दोर. आत आला नाही. आमच्या जिन्याच्या कठड्याला दोर टाकून म्हणाला, "बांधा."

मी बांधली. त्याने ओढून पाहिली. "परत." परत बांधली. "डोळं मिटून." वरच्या मजल्यावरचे जोशी पेपर घ्यायला खाली आले आणि एका बेचाळीस वर्षांच्या माणसाला डोळे मिटून कठडा बांधताना बघून पेपर न घेताच परत वर गेले. साठ गाठी झाल्यावर संतोष म्हणाला, "मला बी कुणी शिकवली न्हवती काका. माझा वस्ताद म्हणायचा, दोर म्हंजे मनाचं समाधान. मी बी तुमास्नी तसंच आणलं." मग चहा प्यायला आत आला. जाताना म्हणाला, "चार कामं हायेत आज."

"पट्टा घेतल्याशिवाय मी येणार नाही, वस्ताद."

"पट्टा बांदून गेलं की गिऱ्हाइकाला वाटतं नवशिक्या हाय."

"वाटू द्या. मी आहेच."

लिहिलेलं विसरतं आणि हाताला लागलेलं विसरत नाही, हे ते वाक्य. त्याची दुसरी बाजू मला त्या उन्हाळ्याने दाखवली. माणूस काम बदलतो, कपडे बदलतो, कमाई बदलते. बोटं जुन्याच कामावर हजर राहतात. डोक्याला सहा आठवड्यांत बरंच शिकवता येतं. बोटांना जुनं विसरायला लावायला माझ्या बाबतीत दोन वर्षं लागली, आणि अजून मी गाठ मारली की दोनदा ओढून बघतो. ह्या गोष्टीची फ्लेक्सवर ओळ होत नाही.

रविवारी दादांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, हे कबूल करायला हवं.

"म्हणजे फोटो नको?"

"फोटो नको. पण मी शिकवायला येतो. दोन दिवस. पूर्ण. दोर, पट्टा, कुठे बांधायचं, कुठे पाऊल टाकायचं नाही, आणि नाही कसं म्हणायचं. संतोषही येईल. आम्हाला काही देऊ नका."

"आणि मुलं पहिल्याच आठवड्यात पळून जातील."

"जी पळतील ती जिवंत पळतील."

दादा उठले. चपला घालताना सुनीताला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काही लोक एकदा वर चढले ना, की शिडी ओढून घेतात."

हे मला लागलं. दोन दिवस मी ते घोळवत होतो, कारण मला त्यात काही खरं सापडतंय का हे बघायचं होतं. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसाने ह्या कामात यावं असं मला वाटतं का? वाटतं. मनापासून वाटतं. हे चांगलं काम आहे. तापलेल्या घरात एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर गार वारा लागतो तेव्हा ती डोळे मिटते, ते मी पाहिलं आहे. मोजलेल्या कुठल्याच उत्तरपत्रिकेने मला तसं काही दाखवलं नव्हतं. पण ज्यांनी मला साखरपुड्यात लपवलं तेच आज मला चौकात टांगायला निघाले आहेत, आणि दोन्ही वेळा त्यांना माझ्या कामात काय असतं हे जाणून घ्यायचं नव्हतं. आधी लाज होती म्हणून, आता धंदा आहे म्हणून. पदवी नसलेल्या माणसाला आधी हिशेबात धरायचं नाही आणि मग एकदम स्वस्तात हिशेबात धरायचं. शिडीबद्दल म्हणाल तर ती कुणाला तरी धरून ठेवावी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुनीता ह्या विषयावर अजून बोललेली नाही. काल तिने संतोषला फोन करून जेवायला बोलावलं, इतकंच.

आणि आज सकाळी सातला फोन. बाणेरहून एक बाई. चौदावा मजला, दोन एसी, दोन्हींची सर्व्हिस, आजच हवी. मी नेहमीचा प्रश्न विचारला, बाहेरच्या युनिटपाशी उभं राहायला जागा किती आहे.

"जागा म्हणजे? खिडकीबाहेर आहे. जरासा छज्जा आहे."

"दोर बांधायला आत लोखंडी काही आहे का? आम्ही भिंतीत हूक मारतो, चालेल?"

"भिंतीत? नाही हो, आत्ताच रंग दिलाय. गेली दोन वर्षं एक माणूस यायचा, तो तर असाच जायचा बाहेर. काही मागायचा नाही, काही बोलायचा नाही. दहा मिनिटांत मोकळा."

"मग त्यालाच बोलवायचं, बाई."

"बोलावलं असतं. ह्या वर्षी त्याचा फोनच लागत नाहीये. म्हणून तर तुम्हाला केला."

"नाव काय त्याचं?"

"नाव काही... मी 'एसीवाला' म्हणून ठेवलाय नंबर."

तो नंबर मी तिच्याकडून मागून घेतला. सकाळपासून चार वेळा लावून पाहिला आहे.